जुना कॉम्प्युटर पळवायचाय? आधी बघा, तो थांबतोय कुठं

जुलै संपत आलेला. पीक विम्याचे शेवटचे दिवस, दुकानाच्या पायरीखाली गेलेली रांग, आणि स्क्रीनवर ते निळं कडं आपलं गोल गोल फिरतंय. रांगेतले एक मामा शेवटी म्हणाले, "दादा, ह्याला आधी चहा पाजा. लई थकलाय बिचारा."

माझं दुकान सेलूत आहे, परभणी जिल्हा. समोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, आतल्या खोलीत दुरुस्ती. मामांनी ज्याला चहा पाजायला सांगितलं तो कॉम्प्युटर २०१४ सालचा: चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. असे हजारो कॉम्प्युटर आजही मराठवाड्यातल्या झेरॉक्स दुकानांत, शाळांत, पतसंस्थांत आणि घराघरांत चालू आहेत. बहुतेकांचे मालक म्हणतात, "जुना झाला, आता नवाच घ्यावा." मी म्हणतो, थांबा. त्यातल्या पुष्कळांना नव्या प्रोसेसरची गरजच नसते. ज्या जागेवरून त्यांना माहिती उचलावी लागते ती जागा बदलली की काम भागतं. ते कसं करायचं ते इथं लिहितो, ज्यानं आजवर कॅबिनेटचा स्क्रू उघडला नाही त्याच्यासाठी.

पेव, कोठी आणि परात

आपल्याकडं जुन्या गावांत ज्वारी पेवात ठेवायचे. जमिनीत खोल खणलेला खड्डा, वरून झाकलेला. माल भरपूर मावतो, पण काढायचा म्हणजे एक कार्यक्रमच. घरात कोठी असते, तिथून सूपभर काढायला वेळ लागत नाही. आणि भाकरी थापताना पीठ परातीत असतं, थेट हाताखाली. आता विचार करा, भाकरी थापणारीचा हात कितीही चपळ असला, पण दर भाकरीला मूठभर पिठासाठी कुणाला पेवात उतरावं लागलं, तर तवा नुसता तापत बसणार.

हार्ड डिस्क म्हणजे पेव, एसएसडी म्हणजे कोठी, रॅम म्हणजे परात. भाकरी थापणारा तो प्रोसेसर.

हार्ड डिस्कच्या पोटात खरोखरच तबकडी फिरत असते, मिनिटाला ७,२०० फेऱ्या, लॅपटॉपमध्ये बहुधा ५,४००. ७,२०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, शिवाय सुई योग्य रेघेवर न्यायला वेगळा वेळ. असं धरून एक तुकडा उचलायला दहा-बारा मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आतबाहेर तुकडे. मोठा सिनेमा सलग वाचायचा असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी देते, तेव्हा ती वाईट नाही. पण विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली इथून-तिथून गोळा कराव्या लागतात, आणि तिथं पेवात उतरणाऱ्याचा दम निघतो.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. पेनड्राइव्हमध्ये असते तशा जातीची, पण कितीतरी तरबेज फ्लॅश मेमरी असते. तिच्यातला तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात किंवा त्याहून लवकर हाती येतो. रॅम तर त्याच्याही हजारपट पुढं. हा फरक डोक्यात बसावा म्हणून मी एक हिशेब सांगतो: रॅममधून वस्तू आणायला १ सेकंद लागतो असं धरलं, तर एसएसडीतून आणायला साधारण १७ मिनिटं लागतील आणि हार्ड डिस्कमधून सव्वा दिवसाच्या जवळपास. मामांनी चहा पाजा म्हटलं त्यात नवल नाही.

एक मात्र आत्ताच लक्षात घ्या, पुढं उपयोगी पडेल. रॅमची परात लाईट गेली की रिकामी होते. तिच्यातला प्रत्येक कण म्हणजे विजेचा इवलासा साठा, आणि तो सतत गळत असतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो, गळक्या घागरीसारखा. फ्लॅश मेमरीत तोच साठा आडोशाला कोंडलेला असतो, म्हणून वीज गेली तरी राहतो.

आधी नाडी बघा

दुकानात कुणी कॉम्प्युटर आणला की मी स्क्रूड्रायव्हर हातात घेत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबतो. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स नावाच्या पानावर जा, आणि मग जे काम संथ होतं म्हणून तुमची तक्रार आहे तेच काम करून बघा: ब्राउझर उघडा, फॉर्मचं पोर्टल चालू करा, स्कॅनर लावा.

डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटला आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, दहा-पंधरा टक्क्यांवर डुलक्या घेतोय असं दिसलं, तर रोग डिस्कचा आहे, एसएसडी लावा, निम्म्याहून अधिक दुखणं जाईल. मेमरीचा आकडा ८५-९० च्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. दोन्ही आकडे वर असतील तर गंमत अशी असते की मूळ रोग अनेकदा रॅमचाच असतो: परात भरली की विंडोज जास्तीचं पीठ डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागलं की परत आणतं, म्हणून डिस्कही दमते. आणि सीपीयूच १०० टक्क्यांवर असेल तर या लेखातलं काहीही फारसं कामाचं नाही. तो एकतर व्हायरस आहे, नाहीतर धुळीनं पंखा जाम होऊन प्रोसेसर तापलाय, नाहीतर खरंच नवा कॉम्प्युटर घ्यायची वेळ आलीय.

याच पानावर डिस्कच्या नावाखाली ती एसएसडी आहे की एचडीडी (म्हणजे हार्ड डिस्क) हे विंडोज १० च्या २०२० च्या अपडेटपासून लिहून येतं. मेमरीच्या पानावर रॅमचे खाचे किती आणि त्यातले वापरात किती, तेही दिसतं. दोनपैकी एक रिकामा असेल तर तुमचं नशीब चांगलं.

दोन-तीन दिवस हे आकडे बघत राहा. एकदाच बघून निर्णय घेऊ नका. सकाळी कॉम्प्युटर चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं अपडेट आणि अँटीव्हायरसचा गोंधळ चालू असतो, तेव्हा कुणाचीही डिस्क १०० वर असते.

रॅम वाढवताना

यावर थोडक्यातच. विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम त्याला वापरताच येत नाही, प्रत्यक्षात तीन-साडेतीनच मिळते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट उघडलं की ३२ की ६४ ते कळतं. फॉर्म, ब्राउझर, मराठी टायपिंग, थोडं फोटोचं काम, यासाठी आज ८ जीबी पुरे. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या, त्यांच्या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका, चुकीची पट्टी आणलीय. लॅपटॉपची पट्टी आखूड, डेस्कटॉपची लांब. जुनी पट्टी काढून दुकानदाराला दाखवणं हाच सगळ्यात बिनचूक उपाय.

नवी पट्टी लावल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका. पट्टी काढा, सोनेरी दात साध्या खोडरबरानं हलके पुसा, खाचेतली धूळ ब्रशनं काढा, पुन्हा दोन्ही बाजूंचे चाप 'टक' वाजेपर्यंत दाबून बसवा. आमच्याकडं कापूस आणि सोयाबीन निघायच्या दिवसांत जी धूळ उडते, ती दहातल्या सहा कॅबिनेटांत अशीच जाऊन बसलेली असते. खोडरबर हे आमच्या धंद्यातलं सर्वांत स्वस्त हत्यार.

एसएसडी आणताना

डेस्कटॉप किंवा जुन्या लॅपटॉपसाठी अडीच इंची साटा एसएसडी मागा (साटा म्हणजे डिस्क तारेनं जोडायची पद्धत). ती सेकंदाला ५०० एमबीच्या थोडी वर जाते, आणि साटाच्या तारेची तेवढीच ताकद आहे. दुकानदार एनव्हीएमई नावाची च्युइंगमच्या वडीएवढी चपटी पट्टी दाखवील, ती सेकंदाला ३,५०० एमबी देते, काही त्याच्या दुप्पट. मोह होतो. पण तुमच्या बोर्डवर (मदरबोर्ड, आतली मुख्य पाटी) तिचा खाचा नसेल तर ती शोभेची वस्तू. आणि एम-टू नावाचा खाचा असला तरी त्यात साटा चालते की एनव्हीएमई, हे बोर्डाच्या माहितीपत्रकात बघूनच घ्या. दोन्ही दिसायला भावंडं आहेत, एकमेकांच्या जागी चालतीलच असं नाही.

किती मोठी? १२० जीबीची घेऊ नका. विंडोज, अपडेट आणि चार प्रोग्रॅम यांतच ती भरते, आणि गच्च भरलेली एसएसडी लिहिताना अडखळते. २४० किंवा २५६ पासून सुरुवात करा, त्यातलीही पाचवा हिस्सा जागा मोकळी ठेवा. "लिहून लिहून झिजते म्हणे," असं लोक विचारतात. झिजते, खरं आहे. पण हिशेब करा: साध्या २४० जीबीच्या एसएसडीवर कंपनी ८० टेराबाइट लिहिण्याची हमी देते. तुम्ही रोज २० जीबी लिहिलं, जे फॉर्मच्या दुकानातही होत नाही, तरी ४,००० दिवस लागतील. अकरा वर्षांच्या जवळपास. तोवर बोर्ड जाईल.

ऑनलाइन कुठं १६ टेराबाइटची खिशात मावणारी एसएसडी दोन-अडीच हजारांत दिसली तर हात जोडा आणि पुढं चला. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. पहिल्या काही फायली नीट जातात, नंतरच्या कुठं जातात ते देवाला माहीत. नव्या पेनड्राइव्हची किंवा डिस्कची खरी जागा तपासायला एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण डिस्क भरून परत वाचून बघतं. माल रिकामा असतानाच चालवा.

एसएसडीबरोबर यूएसबीतून साटा डिस्क जोडायची एक केबल घ्या. हीच केबल आता कामाला येणार आहे.

घर बदलण्याआधीची आवराआवर

दोन वाटा आहेत. एक, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या एसएसडीवर उतरवायची, म्हणजे क्लोन. दुसरी, नव्या एसएसडीवर कोरं विंडोज टाकायचं. माझं मत विचाराल तर सात-आठ वर्षं एकच विंडोज चाललेलं असेल, तर कोरंच टाका. जुन्या घरातला कचरा ट्रॅक्टरनं नव्या घरात कशाला आणायचा? पण दुकानात डीटीपीचं काम असेल, टॅली असेल, तर क्लोनच बरा. कारण कोऱ्या विंडोजनंतर लोकांना आठवतं की लग्नपत्रिकांच्या सगळ्या फायली जुन्या फॉन्टमध्ये आहेत, फॉन्टचा फोल्डर घेतलाच नाही, आणि आता स्क्रीनवर 'चि. सौ. कां.' च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतेय. श्रीलिपीसारख्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स, टॅलीचा डेटा फोल्डर, प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर, बायोमेट्रिक मशीनचा ड्रायव्हर, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड: कोरं विंडोज टाकणार असाल तर ही यादी कागदावर लिहून एकेक खूण करा.

वाट कोणतीही असो, त्याआधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उघडलं की वर निळ्या पट्टीत 'गुड' दिसलं तर ठीक. पिवळ्यात 'कॉशन' दिसलं तर क्लोनच्या नादी लागू नका. आधी कामाच्या फायली दुसरीकडं उतरवून घ्या, तेवढ्यातच ती डिस्क मान टाकू शकते.

लॅपटॉप नवा असेल तर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का ते बघा. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, ४८ आकड्यांची असते, मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. ही पायरी गाळलेले दोघेजण माझ्याकडं आले होते. दोघांचेही लेकरांचे फोटो परत मिळाले नाहीत.

आता क्लोन. एसएसडी केबलनं यूएसबीला जोडा. काही कंपन्या त्यांच्या एसएसडीबरोबर क्लोनचं सॉफ्टवेअर फुकट देतात, आधी ते बघा. नसेल तर क्लोनझिला आहे, फुकट आणि भरवशाचं, पण त्याचं रूप जुन्या काळ्या स्क्रीनचं आहे आणि ते लहान डिस्कवर मोठी डिस्क उतरवायला खळखळ करतं. ५०० जीबीच्या डिस्कवर १४० जीबीच भरलेलं असेल तर कंपनीचं सॉफ्टवेअर २४० च्या एसएसडीवर ते बसवून देतं. जास्त भरलेलं असेल तर लग्नाचे व्हिडिओ आधी बाहेर काढा.

कुठून आणि कुठं, हे दोनदा वाचा. उगम जुनी डिस्क, मुक्काम नवी एसएसडी. उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर सांडते आणि सगळं कोरं होतं. नावं कळत नसतील तर आकारावरून ओळखा. क्लोन चालू असताना लाईट जायला नको. यूपीएस नसेल तर हे काम रात्री करा, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा.

स्क्रूड्रायव्हरची वेळ

कॉम्प्युटर बंद करा, मागची पिन काढा, मग चालू करायचं बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. हातानं कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर साठणारी वीज जास्त असते, टेरिलिनचा शर्ट घालून सतरंजीवर बसून हे काम करू नका.

जुन्या डिस्कला दोन तारा असतात, रुंद ती विजेची आणि अरुंद ती माहितीची. दोन्ही काढा, एसएसडीला लावा. एल आकाराची खाच आहे, उलटं बसत नाही. एसएसडी डिस्कपेक्षा लहान असते, कॅबिनेटमध्ये तिच्या मापाची चौकट नसेल तर दुकानात पत्र्याचा ब्रॅकेट मिळतो. नाही मिळाला तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटवा. हसू नका, आत हलणारं काहीच नसल्यानं तिला हादऱ्याची भीती नाही. मी स्वतः असं लावलेलं चार वर्षं चालतंय.

बारीक गोष्ट: त्या काळच्या स्वस्त बोर्डांवर सगळे साटा खाचे सारखे नसतात. चौथ्या पिढीच्या साध्या एच८१ बोर्डावर चारपैकी दोनच पूर्ण वेगाचे आहेत, ६ गिगाबिटचे, बाकी दोन ३ चे. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च मारून वाचा आणि वेगवानात एसएसडी लावा.

पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क जोडू नका. दोन्हींवर तेच विंडोज असल्यानं कॉम्प्युटरचा गोंधळ उडतो. क्लोन केला असेल तर विंडोज तसंच उघडायला हवं. न उघडल्यास बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बूट ऑर्डरमध्ये एसएसडी पहिली करा. तिथं साटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय किंवा आयडीई असा दिसेल, तो जसा आहे तसाच राहू द्या. "एएचसीआय चांगला म्हणतात" म्हणून क्लोनच्या दिवशीच बदलला तर निळी स्क्रीन येते आणि दोष बिचाऱ्या एसएसडीवर जातो. कोरं विंडोज टाकणार असाल तर मात्र आधी एएचसीआय करून घ्या. त्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल लागतं. बोर्ड तोच असेल तर विंडोज १० चं डिजिटल लायसन्स इंटरनेट लागताच आपलं आपण जुळतं.

इथं एक कडू गोष्ट सांगायला हवी. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. एसएसडीनं चौथी पिढी आठवी होत नाही. पैशाचे व्यवहार त्याच कॉम्प्युटरवर करत असाल तर हे मनात ठेवा. नुसतं ब्राउझर आणि टायपिंग असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम घालून बघा, जुन्या यंत्रावर ते सुखानं चालतं.

मामांनी नावं ठेवलेल्या आमच्या कॉम्प्युटरला एसएसडी आणि ४ जीबीची आणखी एक पट्टी लावली. आधी सकाळी चालू करून मी झाडलोट, उदबत्ती आणि चहा उरकायचो, तरी तो तयार नसायचा. आता उदबत्ती पेटेपर्यंत पासवर्ड मागतो.

लावल्यानंतर करायचं काम जवळपास नाहीच. डिफ्रॅग करणारी जुनी सॉफ्टवेअरं काढून टाका, एसएसडीला त्यांचा उपयोग नाही, उगाच झीज होते. विंडोजचं स्वतःचं ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज चालू राहू द्या. ते एसएसडी ओळखतं आणि पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचं तिला कळवतं.

रॅमचीच डिस्क

आता माझ्या आवडीचा भाग. रॅम इतकी वेगवान, तर तिचाच तुकडा कापून ड्राइव्ह का करू नये? करता येतो. हे नवं नाही, डॉसच्या जमान्यात रॅमड्राइव्ह नावाची सोय होतीच. विंडोज ९८ ची फ्लॉपी घालून कॉम्प्युटर चालू केलेल्यांना आठवेल, एक जास्तीचा ड्राइव्ह उगवायचा. तो हाच.

पण आधी हे ऐका. एसएसडी लागलेली असेल तर रॅम डिस्कनं रोजच्या कामात वेगाचा फार फरक जाणवत नाही. शिवाय मोकळी रॅम विंडोज वाया घालवत नाही, वारंवार लागणाऱ्या फायली ते स्वतःच तिच्यात धरून ठेवतं. तुम्ही मोठा तुकडा कापला तर तीच सोय कमी होते. फोटोशॉपसाठी रॅम डिस्क करणारे भेटतात. त्यापेक्षा फोटोशॉपच्या सेटिंगमध्ये त्यालाच जास्त रॅम द्या, मधला दलाल कशाला?

मग मी ती का वापरतो? कचऱ्यासाठी. आमच्यासारख्या दुकानात रोज शेकडो फायली येतात: आधारचा फोटो, पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, प्रिंटसाठी व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ. स्कॅन करा, कापा, पोर्टलला हवी तेवढी लहान करा, चढवा, संपलं. त्या फायलीचं आयुष्य दहा मिनिटांचं. तरी ती डाउनलोड फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहते, आणि तुमच्या दुकानात साऱ्या तालुक्याची आधार कार्डं साठतात. रॅम डिस्कवर ती ठेवली तर संध्याकाळी शटर ओढताना कॉम्प्युटर बंद केला की गेली.

रॅम ८ जीबी असेल तर १ जीबीची डिस्क करा, १६ असेल तर २ ते ४. रॅम ४ जीबीच असेल तर हा भाग सोडून द्या. सॉफ्टवेअर म्हणून मी इमडिस्क टूलकिट वापरतो, फुकट आहे. बसवताना ॲडमिनची परवानगी मागतं. त्यातलं रॅमडिस्क कॉन्फिगरेशन उघडा, आकार १ जीबी लिहा, ड्राइव्हचं अक्षर आर निवडा, फाइल सिस्टिम एनटीएफएस, आणि विंडोजबरोबर सुरू होण्याच्या चौकोनात टिक करा. ओके दाबलं की धिस पीसीमध्ये आर नावाचा नवा ड्राइव्ह दिसेल, रिकामा. मग स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये फायली साठवायची जागा आर करा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोड्स उघडून लोकेशन आर करा, आणि प्रत्येक फाइल कुठं ठेवायची ते विचारण्याचं बटणही चालू करा. हे बटण महत्त्वाचं, त्याचं कारण पुढच्या परिच्छेदात.

पहिल्या वर्षी ते बटण मी चालू केलं नव्हतं. मोसमात दुपारी अडीच वाजता लाईट गेली. यूपीएसची बॅटरी फुगलेली होती, मला माहीत होतं, आज-उद्या करत होतो. सकाळपासूनच्या फॉर्मच्या पावत्या आर ड्राइव्हवर, अजून छापायच्या राहिलेल्या. लाईट आली तेव्हा आर ड्राइव्ह स्वच्छ, धुतल्या ताटासारखा. एकेकाला फोन करून अर्ज क्रमांक शोधत, पोर्टलवरून पावत्या पुन्हा काढत रात्रीचे अकरा वाजले. तेव्हापासून नियम असा: जी फाइल गेली तर कुणाला फोन करावा लागणार नाही, तीच आर ड्राइव्हवर. पावती, दाखला, टायपिंगचं काम, कायम डी ड्राइव्हवर.

दोन सूचना उरल्या. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. तिच्यामुळं शटडाउन म्हणजे खरं शटडाउन राहत नाही, अर्धी झोप असते, मग आर ड्राइव्ह पुसला जाईलच असं नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथं पॉवर बटणांनी काय करावं हे ठरवायची लिंक, आणि आत फास्ट स्टार्टअपची टिक काढा. आणि सिस्टिमचा टेंप फोल्डर, म्हणजे तात्पुरत्या फायलींची जागा, रॅम डिस्कवर न्या असं सांगणारे सल्ले दिसतील. नेऊ नका. काही प्रोग्रॅम बसवताना मध्येच रीस्टार्ट मागतात आणि उरलेलं काम टेंपमध्ये ठेवलेल्या फायलींवर करतात. रीस्टार्टनंतर त्यांना तिथं काहीच सापडत नाही. ग्राहकांच्या कागदपत्रांबाबतही हे कुलूप समजू नका. रॅम कमी पडली की तिच्यातला भाग विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकू शकतं. रोजचा ढीग साठत नाही, एवढंच.

पेनड्राइव्ह लावून वेग वाढतो का?

विंडोज व्हिस्टाबरोबर २००७ मध्ये रेडीबूस्ट आलं: पेनड्राइव्हवर वारंवार लागणाऱ्या फायलींची प्रत ठेवायची, म्हणजे दर वेळी पेवात उतरायला नको. २ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क असलेल्या यंत्रावर थोडा फरक पडायचा. एसएसडी असेल तर विंडोज स्वतःच म्हणतं की गरज नाही. आज त्या पेनड्राइव्हच्या पैशांत जुनी डीडीआर३ पट्टी मिळत असेल तर पट्टी घ्या.

जुन्या डिस्कचं काय करायचं

लगेच पुसू नका. तीन-चार आठवडे कपाटात ठेवा. काहीतरी राहिलेलं असतंच, एखादा फॉन्ट, एखादा जुना हिशेब. मग ती डेस्कटॉपलाच दुसरी डिस्क म्हणून जोडा, किंवा लॅपटॉप असेल आणि त्यात डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडीत, म्हणजे डिस्कच्या चौकटीत, बसवा. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत येते, मोजून आणा. विकणार असाल किंवा भंगारात देणार असाल तर आधी पूर्ण फॉरमॅट करा, क्विक नव्हे. तुमच्यासाठी भंगार असलेल्या त्या डिस्कवर गिऱ्हाइकांची आधार कार्डं आहेत.

मी स्वतः ती बॅकअपसाठी ठेवतो, यूएसबीच्या डब्यात घालून. एसएसडी या कामाला घेऊ नका. झिजलेली एसएसडी वीज न देता नुसती ठेवली तर तिच्यातला साठा हळूहळू विरतो. घरगुती वापराच्या एसएसडीचं मानक अशा झिजलेल्या डिस्कसाठी ३० अंश तापमानात एक वर्ष धरलेलं आहे, आणि आपल्या पत्र्याच्या खोलीतलं कपाट मे महिन्यात ३० अंशांवर कधी थांबत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी डबा काढतो, डी ड्राइव्ह त्यावर उतरवतो, आणि डब्यावर चिकटवलेल्या कागदावर मार्करनं तारीख लिहितो. मागची तारीख खोडत नाही, खाली नवी लिहितो. मागच्या पावसाळ्यात तो कागद भरला, दुसरा चिकटवलाय.